विषय: रविवारची ओडेनवाल्डमधली (जर्मनी) सायकलफेरी – फिंकेनबाखच्या खोऱ्यात पाणी कुठे भरायचे?

प्रेषक: मंजिरी (क्रीडा उपसमिती)
मंगळवार, रात्री ९.४०

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारच्या फेरीत एक अडचण उभी राहिली आहे आणि तिचा निर्णय शुक्रवारच्या आत व्हायला हवा, म्हणून सर्वांना लिहीत आहे. फिंकेनबाखच्या खोऱ्यातल्या ज्या अतिथिगृहात आपण दरवर्षी बाटल्या भरून घेतो, ते वार्षिक सुट्टीमुळे पंधरा दिवस बंद आहे. मालकीणबाईंनी आज दुपारी फोनवर तसे सांगितले आणि वाईटही वाटून घेतले, पण त्या स्वतः गावात नसल्यामुळे त्यांचा काही इलाज नाही.

हिर्शहोर्नला नेकार नदीचा काठ सोडला की बेअरफेल्डेनपर्यंतचे सुमारे वीस किलोमीटर जवळजवळ सगळे चढाचे आहेत, आणि शेवटचा टप्पा तर झाडांच्या सावलीबाहेर पडतो. त्या पट्ट्यात पेट्रोल पंप नाही, रविवार असल्यामुळे दुकानही उघडे असणार नाही. हवामानाचा अंदाज ३३ अंशांचा आहे. आपण सतरा जण आहोत आणि बहुतेकांच्या सायकलींना पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या बसतात. अशा उन्हात चढावर माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, म्हणजे दीड लिटर दोन-तीन तासांत संपते. ज्यांना त्या खोऱ्यातली पाण्याची दुसरी जागा ठाऊक आहे, त्यांनी कृपया कळवावे.

– मंजिरी


प्रेषक: श्रीनिवास
मंगळवार, रात्री १०.१५

मंजिरीताई,

जागा आहे आणि ती प्रत्येक गावात आहे, ती म्हणजे गावची दफनभूमी. या देशात लांब पल्ल्याच्या सायकली चालवणारा जवळजवळ प्रत्येक जण उन्हाळ्यात तिथल्या नळावर बाटली भरतो. कबरींवरच्या फुलझाडांना पाणी घालण्यासाठी तिथे नळ असतोच आणि फाटक दिवसभर उघडे असते. फिंकेनबाखच्या खोऱ्यात रस्त्यालगत अशी एक जागा मी दोनदा पाहिली आहे.

मागच्या वर्षी लिंडेनफेल्सच्या चढावर जे झाले, ते सर्वांच्या लक्षात आहे. पाणी संपल्याचे कोणी कोणाला सांगितले नाही, आणि किल्ल्याच्या खालच्या वळणावर आपल्यातला एक जण सायकलवरून उतरून सरळ गवतात आडवा झाला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याच्या हातांना कंप सुटला होता आणि भर उन्हात त्याच्या दंडावर काटा आला होता. ज्या उपाहारगृहात आम्ही पाणी मागितले, तिथे आधी जेवणाची ऑर्डर द्या असे उत्तर मिळाले. तो प्रसंग पुन्हा येऊ द्यायचा नसेल, तर नळ कुठे आहेत हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.

– श्रीनिवास


प्रेषक: अरविंद
बुधवार, सकाळी ७.०५

श्रीनिवास,

तुझा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही स्मशानातल्या नळाचे पाणी पिऊन पुढची वाट धरायची, हे मला पटत नाही. आमच्या वाईच्या घरी स्मशानातून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय घागरीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. तो मी आज जसाच्या तसा पाळतो असे नाही, परंतु सायकलचे बूट टकटकवत सतरा जणांनी दुःखात बसलेल्या माणसांच्या समोर जायचे आणि बाटल्या भरून घ्यायच्या, हे कोणत्याही देशात शोभणारे नाही. लहानपणी आम्ही पसरणीच्या घाटाने पाचगणीला सायकली घेऊन जात असू. तेव्हा वाटेवर कोणीतरी रांजण भरून ठेवलेला असे आणि त्याच्यावर ओला फडका असे. पाणी ज्याने प्यायला म्हणून ठेवले आहे, त्याच्याकडचे प्यावे. कबरींवरच्या फुलांसाठी ठेवलेले पाणी हे त्या फुलांचे आहे.

दफनभूमीला इथे फ्रीडहोफ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी शांततेचे आवार असा आहे. ती शांतता आपण राखावी.

– अरविंद


प्रेषक: कौस्तुभ
बुधवार, सकाळी ८.५०

अरविंदकाका,

केवळ शब्दापुरते लिहितो. फ्रीडहोफमधला पहिला भाग मुळात शांतता या अर्थाचा नाही. जुन्या जर्मनमध्ये तो शब्द ‘फ्रीटहोफ’ असा होता आणि त्याचा अर्थ कुंपण घालून राखलेले आवार, विशेषतः चर्चच्या भोवतीचे आवार, असा होता. त्या आवारात शिरलेल्याला संरक्षण मिळत असे. शांततेशी असलेले नाते लोकांनी पुढे उच्चाराच्या सारखेपणावरून जोडले. वाटसरूने तिथे आसरा घेणे हे त्या शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच आहे, असे मला वाटते.

मात्र पाण्याविषयी माझी हरकत वेगळी आहे. अशा पुष्कळ नळांवर ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते, म्हणजे ते पाणी पिण्यासाठी नाही. कुठे ते विहिरीतून खेचलेले असते, कुठे पावसाचे साठवलेले असते, आणि कुठे नळ गावच्या पुरवठ्यालाच जोडलेला असला तरी लांबलचक नळीत पाणी दिवसेंदिवस उभे राहते. पाटी असेल तिथे ते पाणी डोक्यावर आणि मानेवर ओतावे, पण पिऊ नये.

– कौस्तुभ


प्रेषक: वैशाली (खानपान समिती)
बुधवार, दुपारी १२.३०

सर्वांना नमस्कार.

ही चर्चा वाचून मला थोडे वाईट वाटले, ते स्पष्टच लिहिते. खाण्यापिण्याची व्यवस्था गेली सहा वर्षे आमची समिती पाहते, आणि पाण्याचा प्रश्न आमच्याकडे न येता थेट मेलवर आला. आमची मदतगाडी आहे. तिच्यात दहा लिटरचे चार कॅन, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत आणि कोकम सरबत ठेवता येईल. शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू प्रत्येकी दोन याप्रमाणे झालेले आहेत. गाडी फिंकेनबाखच्या खोऱ्यात मध्यावर उभी केली की नळ शोधत हिंडण्याचा प्रश्नच उरत नाही.

– वैशाली


प्रेषक: मंजिरी
बुधवार, दुपारी १.१०

वैशालीताई,

समितीला डावलण्याचा हेतू मुळीच नव्हता. मेल लिहिण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता, ही चूक माझी आहे.

गाडीची अडचण मात्र खरी आहे. खोऱ्यातला रस्ता अरुंद आहे, एका बाजूला ओढा आणि दुसऱ्या बाजूला कुरणांचे कुंपण आहे, आणि रविवारी तिथे मोटारसायकलींची रीघ असते. मागच्या वेळी गाडी थांबवायला जी जागा मिळाली, ती वळणाच्या पुढे होती. आपली माणसे रस्ता ओलांडून गाडीकडे जात होती, तेव्हा दोन मोटारसायकली अगदी जवळून गेल्या. मोटारवाल्याने सायकलीला ओलांडताना गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवले पाहिजे असा २०२० पासूनचा नियम आहे, परंतु पायी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला त्या नियमाचा काही आधार नाही. गाडी मिशेलश्टाटलाच असावी, कारण तिथे वाहनतळ आहे.

दुसरे असे की, पंधराहून अधिक जण असले तर इथल्या वाहतूक नियमांप्रमाणे आपला जथा बांधून चालू शकतो, म्हणजे दोन-दोनच्या जोडीने जाता येते आणि सिग्नलला पहिला निघाला की मागचे सगळे एकाच वाहनासारखे त्याच्यामागे जाऊ शकतात. सतरापैकी दोघे जरी गळाले तरी ती मुभा जाते. त्यामुळे कोणी यायचे रद्द करणार असेल, तर तेही शुक्रवारपर्यंत कळवावे.

– मंजिरी


प्रेषक: सुलभा
बुधवार, रात्री ८.२०

प्रिय सर्वांस,

मी सायकल चालवत नाही आणि या मेलवर सहसा लिहीतही नाही. परंतु ज्या जागेविषयी आपण लिहीत आहात, तिथे मी नऊ वर्षे दर रविवारी जाते, म्हणून लिहावेसे वाटले.

ह्यांचा अस्थिकलश वाइनहाइमच्या दफनभूमीत आहे. त्या वेळी आम्हाला अस्थी नदीत सोडायच्या होत्या, निदान काही दिवस घरी तरी ठेवायच्या होत्या, परंतु इथल्या कायद्याप्रमाणे कलश दफनभूमीतच ठेवावा लागतो. सुरुवातीला मला त्या जागेचा राग येत असे. मग हळूहळू तिथल्या कामाची सवय झाली. फाटकातून आत गेले की एका दांडीला हिरव्या झाऱ्या साखळीने अडकवून ठेवलेल्या असतात. बाजारातल्या ढकलगाडीसारखे त्यांनाही नाणे घालावे लागते, मग झारी सुटते. दगडी हौदावर पितळी तोटी आहे. उन्हाळ्यात पहिल्यांदा हाताला कोमट लागेल असे पाणी येते, आणि झारी निम्मी भरेपर्यंत ते थंड होत जाते. मी पहिली झारी नेहमी बाजूच्या बेवारशी कबरीवर रिकामी करते, कारण तिला पाणी घालणारे कोणी उरलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तुमच्यासारखेच दोन तरुण सायकलस्वार आले. चेहरे लालबुंद झालेले, कानाच्या पाळ्यांवर मिठाचे पांढरे थर. सायकली त्यांनी फाटकाबाहेर टेकवून ठेवल्या होत्या, कारण आत सायकल चालवायला मनाई आहे. शिरस्त्राण काढून हातात घेतले आणि बुटांचा आवाज होऊ नये म्हणून ते वाळूच्या कडेने चालत आले. त्यांनी नळाला हात लावण्याआधी मला विचारले, की चालेल का. मी त्यांना पाटी दाखवली आणि हे पाणी पिऊ नका असे सांगितले. मग मागच्या प्रार्थनागृहाच्या इमारतीतले स्वच्छतागृह दाखवले, कारण तिथला नळ गावच्या पुरवठ्याचा आहे. जाताना त्यातल्या एकाने न विचारता माझी दुसरी झारी उचलून ह्यांच्या जागेपर्यंत आणून दिली.

अरविंदभावजी, तुमचे म्हणणे मला समजते. माझ्या सासूबाईंनीही तेच म्हटले असते. परंतु त्या दिवशी मला विटाळ वाटला नाही, आणि अपमानही वाटला नाही. नऊ वर्षांत त्या नळाजवळ माझ्याशी कोणी बोलले, असे प्रसंग फार थोडे आहेत. सतरा जणांनी एकदम शिरू नये, दोघांनी आत जावे आणि बाकीच्यांच्या बाटल्या आणाव्यात. दफनविधी चालू असेल तर मात्र आत जाऊच नये, पुढच्या गावी जावे.

– सुलभा


प्रेषक: नितीन
बुधवार, रात्री १०.५५

सुलभाताई, आपले पत्र दोनदा वाचले. दोघांनीच आत जायचे हा नियम मला पूर्ण मान्य आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण पाणी कुठे आहे हे शोधत आहोत, पण ते जिथे नाही त्या ठिकाणी आपण चढ घेऊन जातो, ही खरी चूक आहे. आजवर आपण वाइनहाइमहून बिर्केनाउ, म्योर्लेनबाख, क्राइडाखची खिंड आणि वाल्ड-मिशेलबाखवरून हिर्शहोर्नला उतरतो, मग फिंकेनबाखच्या खोऱ्याने बेअरफेल्डेनला चढतो, आणि मिशेलश्टाट, लिंडेनफेल्स, हेप्पेनहाइम करून परत येतो. नकाशा समोर ठेवून पाहिले तर ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे अप्रदक्षिणा आहे. ती उलटी करून प्रदक्षिणा करावी, असे मी सुचवतो.

सकाळच्या गारव्यात हेप्पेनहाइमवरून लिंडेनफेल्सचा चढ होईल, म्हणजे मागच्या वर्षी ज्या लिंडेनफेल्सने आपल्याला आडवे केले ते ऊन चढण्याआधीच मागे पडेल. नऊच्या सुमारास लिंडेनफेल्सच्या वेशीतून आत शिरायचे, हे नुसते कल्पनेतही सुंदर वाटते, कारण त्या वेळी किल्ल्याच्या खालच्या गल्ल्यांमध्ये अजून सावली असते. मिशेलश्टाटला वैशालीताईंची गाडी असेल. तिथले १४८४ सालचे नगरगृह ओकच्या जाड खांबांवर उभे आहे आणि तळमजला चारही बाजूंनी उघडा आहे, त्यामुळे सतरा माणसांना सावलीत उभे राहता येते. तिथून बेअरफेल्डेनपर्यंत म्यूम्लिंग नदीच्या कडेने रस्ता हळूहळू चढतो. बेअरफेल्डेनमध्ये ती नदी जिथे उगम पावते, तिथे बारा तोट्यांचे कारंजे आहे. १८१० च्या आगीत गाव जळाले, त्यानंतरचे ते बांधकाम आहे. बाराही तोट्यांतून पाणी एकसारखे पडत असते आणि त्या आवाजानेच निम्मा थकवा उतरतो. ते पाणी प्यायचे की नाही हे तिथली सूचना वाचून ठरवावे, पण डोके भिजवायला त्याहून चांगली जागा साऱ्या फेरीत नाही.

त्यानंतर फिंकेनबाखचे खोरे हा सगळा उतार आहे. बीच वृक्षांच्या झाडीतून वीस किलोमीटर खाली जाताना पाऊण तासही लागत नाही, म्हणून तिथे पाण्याची गरजच पडत नाही. ज्याला जड जाईल त्याने हिर्शहोर्नला थांबावे. तिथून उपनगरी रेल्वेगाडी हाइडेलबर्गला जाते आणि रविवारी सायकलीला वेगळे तिकीट लागत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. या देशात वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे प्रदक्षिणेत बहुतेक वळणे उजवीकडची येतात आणि समोरून येणारी वाहतूक छेदून डावीकडे वळण्याचे प्रसंग कमी होतात. सतरा जणांच्या जथ्याला याचे महत्त्व फार आहे.

– नितीन


प्रेषक: श्रीनिवास
गुरुवार, सकाळी ६.४५

नितीन,

मार्ग पहिल्या वर्षी मी आखला होता, म्हणून त्याची बाजू मांडणे माझे काम आहे. अप्रदक्षिणा घेण्याचे कारण असे होते की शेवटचे बारा किलोमीटर, म्हणजे हेप्पेनहाइमपासून वाइनहाइमपर्यंतचे, सपाट आहेत आणि द्राक्षमळ्यांच्या पायथ्याने जातात. दमलेली माणसे तिथे एकमेकांच्या आडोशाने घरी पोहोचतात. तू म्हणतोस तसे केले तर हिर्शहोर्नपासून वाल्ड-मिशेलबाखपर्यंत पुन्हा वीस किलोमीटर चढ लागेल, तोही दुपारी तीन वाजता, पाय संपलेले असताना. सव्वाशे किलोमीटरच्या फेरीत चढ शेवटी ठेवणे हा नवख्यांवर अन्याय आहे.

बेअरफेल्डेनबाहेरच्या तीन खांबांच्या फाशीस्तंभापाशी या वेळी थांबायचे की नाही, तेही ठरवावे. तो १५९७ चा आहे आणि मला तो पाहावासा वाटतो. पण १८०४ साली तिथे शेवटची फाशी एका बाईला कोंबडी आणि दोन पाव चोरल्याबद्दल झाली असे सांगतात, आणि तिथे फोटोसाठी रांग लावणे मला नको वाटते.

– श्रीनिवास


प्रेषक: नितीन
गुरुवार, सकाळी ७.३०

श्रीनिवास, चढ आहे हे मान्य, पण तो उल्फेनबाख ओढ्याच्या कडेने आहे, झाडीतला आहे, आणि वीस किलोमीटरमध्ये दोनशे-सव्वादोनशे मीटर इतकाच आहे. सायकलीला सोपा गिअर लावून गप्पा मारत चढता येते. खिंडीनंतर म्योर्लेनबाखपर्यंत उतार, आणि शेजारून जुना रेल्वेमार्ग जातो, ज्यावरून आता सौरऊर्जेच्या द्रायझीन, म्हणजे रुळांवरच्या छोट्या गाड्या, चालतात. ज्या कार्ल द्राइसच्या नावावरून तो शब्द आला, त्याने आपले दुचाकी यंत्र पहिल्यांदा चालवले ते इथेच जवळ, मॅनहाइममध्ये, १२ जून १८१७ रोजी. दमलेल्या मुलांना ते दाखवले की शेवटचे किलोमीटर सरतात, हा माझा अनुभव आहे.

आणि हिर्शहोर्नला रेल्वेगाडीची सोय चढाच्या आधी आहे, नंतर नाही. जुन्या दिशेत फिंकेनबाखच्या खोऱ्यात कोणाला त्रास झाला, तर पुढेही रान आणि मागेही रान.

फाशीस्तंभापाशी थांबू नये, या मताचा मी आहे.

– नितीन


प्रेषक: मंजिरी
गुरुवार, सायंकाळी ६.१५

सर्वांना नमस्कार.

श्रीनिवासशी आज बराच वेळ फोनवर बोलले. त्याने दिशा बदलायला संमती दिली आहे, आणि हिर्शहोर्नला ज्यांना थांबायचे आहे त्यांच्यासोबत रेल्वेगाडीने परत येण्याची जबाबदारीही स्वतःहून घेतली आहे. त्याबद्दल त्याचे मनापासून आभार.

तेव्हा या रविवारी प्रदक्षिणा. सकाळी ६.३० ला वाइनहाइम स्थानकासमोर जमायचे. पाणी हेप्पेनहाइमच्या पेट्रोल पंपावर, मिशेलश्टाटला मदतगाडीवर आणि हिर्शहोर्नला. दफनभूमीचा नळ ही केवळ अडल्या वेळची सोय असेल. तशी वेळ आली तर कौस्तुभ आणि मी, दोघेच आत जाऊ, आणि पाटी असेल तर तसेच परत फिरू. पाणी अर्ध्या बाटलीच्या खाली गेले की शेजाऱ्याला सांगायचे, यात संकोच नको. रानात कोणाला काही झाले तर ११२ ला फोन करताना जवळच्या बचाव-बिंदूच्या पाटीवरचा क्रमांक वाचून सांगावा, म्हणजे रुग्णवाहिका नेमकी तिथे येते.

घंटी सर्वांच्या सायकलीला हवी, कायद्याने ती सक्तीची आहे. मागच्या वेळी चार जणांकडे नव्हती.

– मंजिरी


प्रेषक: अरविंद
गुरुवार, रात्री ९.००

सुलभावहिनी,

आपण लिहिलेले कालपासून मनात आहे. ह्या नऊ वर्षांत मी एकदाही तिथे आलो नाही, याची मला खंत वाटते. रविवारी आम्ही सायंकाळी सहाच्या सुमारास वाइनहाइमला परत पोहोचू. आपण सकाळी जाणार असाल तरी त्या उन्हात झाडांना संध्याकाळी पुन्हा पाणी लागेल. मी आणि ही, दोघे येऊ. जागा फाटकापासून कोणत्या बाजूला आहे ते कळवावे. झारीसाठी एक युरोचे नाणे चालते की दोनचे, तेही लिहावे.

– अरविंद


प्रेषक: सुलभा
गुरुवार, रात्री ९.२५

भावजी, एक युरोचे. दोन आणा, म्हणजे दोन झाऱ्या सुटतील. मी फाटकापाशी असेन.

– सुलभा


प्रेषक: वैशाली (खानपान समिती)
शुक्रवार, सकाळी ८.१०

मंजिरी, मिशेलश्टाटला गाडी साडेदहापासून उभी राहील. दशम्या की धपाटे हे सतरापैकी अकरा जणांनीच कळवले आहे. उरलेल्या सहा जणांनी आज दुपारपर्यंत सांगावे, कारण पीठ संध्याकाळी भिजवायचे आहे.

– वैशाली